कॅन्सर पेशंटला 'दुखेल तेव्हाच औषध' हा नियम बदलून टाकणारी नर्स : सिसिली साँडर्स

"आता आमच्या हातात काही राहिलं नाही, पेशंटला घरी घेऊन जा."

कॅन्सर शेवटच्या टप्प्यात पोहोचला की हे वाक्य आपल्याकडे अनेक कुटुंबांना ऐकावं लागतं. ऑपरेशन होणार नाही, केमोचा उपयोग नाही, म्हणजे उपचार संपले असं सगळेच धरून चालतात. पण पेशंट अजून जिवंत असतो. त्याच्यापुढे काही आठवडे किंवा काही महिने असतात. या काळात त्याला होणाऱ्या वेदनेचं काय करायचं, हे मात्र कोणी नीट सांगत नाही.

साधारण सत्तर वर्षांपूर्वी इंग्लंडमधल्या मोठमोठ्या हॉस्पिटलांतही हेच चित्र होतं. 'आता काही करता येणार नाही' हे वाक्य चूक आहे, असं नुसतं म्हणून न थांबता शेकडो पेशंटच्या नोंदी ठेवून ते दाखवून देणारी बाई म्हणजे सिसिली साँडर्स. त्यांची सुरुवात नर्स म्हणून झाली. मग त्या हॉस्पिटलमधल्या समाजसेविका झाल्या आणि वयाच्या ३३ व्या वर्षी डॉक्टरकीच्या पहिल्या वर्गात जाऊन बसल्या. आज जगभरात 'हॉस्पिस' आणि 'पॅलिएटिव्ह केअर' या नावानं जी सेवा चालते, तिचा पाया त्यांनी घातला.

ऑक्सफर्ड सोडलं आणि नर्सिंगला गेल्या

सिसिली यांचा जन्म २२ जून १९१८ चा. लंडनच्या उत्तरेला असलेल्या बार्नेटमध्ये त्यांचं घर होतं. वडील जमीन-घरांच्या व्यवहारातले, पैसा भरपूर. तीन भावंडांत त्या थोरल्या. नर्स व्हायचं त्यांच्या मनात होतं, पण अशा घरातल्या मुलीनं ते काम करावं हे घरच्यांना पसंत नव्हतं. त्यामुळे १९३८ साली त्या ऑक्सफर्डला गेल्या आणि राज्यशास्त्र, तत्त्वज्ञान, अर्थशास्त्र शिकू लागल्या.

वर्षभरातच दुसरं महायुद्ध सुरू झालं. लंडनवर बॉम्ब पडत असताना आपण पुस्तकं वाचत बसायचं, हे त्यांना पटेना. १९४० साली त्यांनी ऑक्सफर्ड अर्ध्यावर सोडलं आणि लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधल्या नाइटिंगेल स्कूलमध्ये नाव घातलं. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८६० साली सुरू केलेलं हेच ते नर्सिंग स्कूल.

त्या काळात पेनिसिलीन सामान्य पेशंटपर्यंत पोहोचलेलं नव्हतं. औषधं मोजकी होती. पेशंटजवळ थांबणं, त्याला कूस बदलून देणं, जखम स्वच्छ ठेवणं, त्याचं ऐकणं, यावरच नर्सचा सगळा भर असायचा. सिसिली यांना हे काम मनापासून आवडलं. पण त्यांना पाठीचं दुखणं होतं आणि वॉर्डातल्या उचल-ठेवीनं ते वाढत गेलं. १९४४ साली त्या नर्स म्हणून पास झाल्या आणि त्याच सुमारास हे काम पुढे करता येणार नाही असं डॉक्टरांनी सांगितलं.

नर्सिंग गेलं, तरी हॉस्पिटल सोडायचं नव्हतं. त्यांनी ऑक्सफर्डला परत जाऊन पदवी पूर्ण केली आणि हॉस्पिटलमधल्या समाजसेविकेचं प्रशिक्षण घेतलं. पेशंटच्या घरची परिस्थिती पाहणं, घरी गेल्यावर त्याचं कसं होणार याची व्यवस्था लावणं, हे या नोकरीतलं काम. १९४७ मध्ये त्या याच कामासाठी सेंट थॉमसमध्ये परतल्या आणि त्यांच्याकडे कॅन्सरचे पेशंट येऊ लागले.

५०० पौंड आणि एक खिडकी

त्या पेशंटांमध्ये एक होते डेव्हिड तास्मा. वय ४०. मूळचे पोलंडमधल्या वॉर्सा शहरातले ज्यू, लंडनमध्ये वेटरचं काम करायचे. जवळचं कोणी नाही आणि कॅन्सर ऑपरेशनच्या पलीकडे गेलेला. गजबजलेल्या वॉर्डात ते शेवटचे दिवस काढत होते.

सिसिली त्यांना पुन्हा पुन्हा भेटत राहिल्या. आपण काही न करताच जगातून चाललोय, आपली कुठे खूणही उरणार नाही, याचं तास्मा यांना वाईट वाटत होतं. शरीराच्या वेदनेइतकंच हेही त्यांना छळत होतं. मरणाच्या दारातल्या माणसांसाठी यापेक्षा बरी जागा कशी असावी, यावर दोघांचं बोलणं व्हायचं. २५ फेब्रुवारी १९४८ रोजी तास्मा गेले. जाताना त्यांनी सिसिली यांच्या नावे ५०० पौंड ठेवले आणि सांगितलं, की तुमच्या त्या घरात मी एक खिडकी होईन.

तेव्हा ना घर होतं, ना जागा, ना डॉक्टरकीची पदवी. त्या खिडकीभोवती घर बांधायला मला १९ वर्षं लागली, असं सिसिली पुढे सांगायच्या.

औषध घड्याळ बघून द्यायचं

१९४८ पासून सिसिली नोकरी संपल्यावर संध्याकाळी सेंट ल्यूक्स नावाच्या संस्थेत स्वयंसेविका म्हणून जाऊ लागल्या. लंडनच्या बेजवॉटर भागातली ही संस्था १८९३ साली गरीब आणि मरणासन्न पेशंटसाठी सुरू झाली होती. तिथे त्यांना जे दिसलं, ते मोठ्या हॉस्पिटलमध्ये कधीच दिसलं नव्हतं.

मोठ्या हॉस्पिटलमधली रीत अशी होती. पेशंटला कळ आली की तो नर्सला बोलावणार. नर्स त्याला थोडं थांबायला सांगणार. अगदीच सहन होईना, पेशंट ओरडू लागला, की मॉर्फिनचं इंजेक्शन मिळणार. त्याचा असर उतरला की पुन्हा कळ, पुन्हा विनवणी, पुन्हा वाट पाहणं. जास्त मॉर्फिन दिलं तर सवय लागेल आणि खरी गरज पडेल तेव्हा औषध चालणारच नाही, अशी डॉक्टरांना भीती होती. त्यामुळे 'जितकं लांबवता येईल तितकं लांबवा' हाच नियम होता.

सेंट ल्यूक्समधल्या नर्सेस याच्या बरोबर उलट करत होत्या. त्या मॉर्फिन तोंडानं, पातळ औषधाच्या रूपात द्यायच्या आणि ठरलेल्या वेळेला द्यायच्या. पेशंटनं मागितलं की नाही, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. आधीच्या डोसचा असर संपायच्या आत पुढचा डोस पोटात गेलेला असायचा. त्यामुळे वेदनेला डोकं वर काढायला जागाच मिळायची नाही. इथले पेशंट गुंगीत पडून नसायचे. ते बोलायचे, जेवायचे, आलेल्या माणसाला ओळखायचे.

हे फार साधं होतं. पण ते कुणी तपासलं नव्हतं, कुणी लिहून ठेवलं नव्हतं आणि मोठ्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांना त्याचा पत्ताही नव्हता.

"जा, डॉक्टर हो"

मरणासन्न पेशंटसाठीच काम करायचं, हे सिसिली यांचं पक्कं झालं. त्यांनी ही गोष्ट सेंट थॉमसमधले सर्जन नॉर्मन बॅरेट यांना सांगितली. अन्ननलिकेच्या 'बॅरेट्स इसोफेगस' या आजाराला ज्यांचं नाव आहे, तेच हे बॅरेट. त्यांचा सल्ला सरळ होता : जा, मेडिकल शिक. मरणाऱ्या पेशंटला वाऱ्यावर सोडतात ते डॉक्टरच, आणि तू डॉक्टर झाली नाहीस तर ते तुझं ऐकणार नाहीत.

या सल्ल्यात त्या काळच्या वैद्यकाची सगळी उतरंड दिसते. वेदना चोवीस तास जवळून पाहायच्या त्या नर्सेस, पण औषध किती आणि कधी द्यायचं हे ठरवायचे डॉक्टर. नर्सनं पाहिलेलं सत्य वॉर्डाबाहेर पोहोचवायचं, तर त्यावर डॉक्टरचा शिक्का हवा होता.

१९५१ साली, वयाच्या ३३ व्या वर्षी त्या सेंट थॉमसच्याच मेडिकल स्कूलमध्ये दाखल झाल्या. वर्गातली मुलं त्यांच्याहून कितीतरी लहान होती. १९५७ मध्ये त्या डॉक्टर झाल्या. आता त्यांच्याकडे नर्सिंग, समाजसेवा आणि वैद्यक अशा तिन्ही बाजूंचं प्रशिक्षण होतं.

अकराशे पेशंटच्या नोंदी

१९५८ साली त्यांना लंडनच्या सेंट मेरी हॉस्पिटलच्या औषधशास्त्र विभागात संशोधनासाठी फेलोशिप मिळाली. विषय होता, शेवटच्या टप्प्यातल्या कॅन्सर पेशंटची वेदना. प्रत्यक्ष काम मात्र पूर्व लंडनच्या हॅकनी भागातल्या सेंट जोसेफ्स हॉस्पिसमध्ये चालायचं. आयरिश नन्सनी १९०५ साली सुरू केलेली ही संस्था. इथे माया भरपूर होती, सेवा मनापासून होती, पण पेशंटच्या वेदनेच्या आणि औषधाच्या पद्धतशीर नोंदी नव्हत्या. औषधही 'दुखेल तेव्हा' असंच दिलं जात होतं.

सिसिली यांनी सेंट ल्यूक्सची पद्धत इथे आणली. मॉर्फिन तोंडानं आणि वेळेवर. त्याच वेळी त्यांनी प्रत्येक पेशंटच्या नोंदी ठेवायला सुरुवात केली. वेदना कुठे आहे, औषध कोणतं, डोस किती, तो वाढवावा लागला का, पेशंट शुद्धीत आहे का, हे सगळं त्यात यायचं. त्या काळी कॉम्प्युटर सर्रास नव्हते, त्यामुळे माहिती पंच कार्डांवर भरली जायची. पेशंटच्या परवानगीनं त्यांचं बोलणं त्या टेपवरही घ्यायच्या. सात वर्षांत अकराशेहून जास्त पेशंटची माहिती अशी जमा झाली.

त्यातून जे दिसलं, त्यानं जुन्या समजुतींना धक्का दिला. वेळेवर औषध मिळणाऱ्या पेशंटमध्ये मॉर्फिनची हाव दिसत नव्हती. बऱ्याच जणांचा डोस दीर्घकाळ फारसा वाढवावा लागत नव्हता. आणि वेदना थांबूनही माणसं जागी आणि भानावर राहत होती. सततच्या वेदनेला सततचाच उपाय हवा, हे त्यांचं सूत्र याच कामातून आलं.

त्यांनी हे नुसतं डॉक्टरांच्या परिषदांत मांडलं नाही. १९५९ साली 'नर्सिंग टाइम्स' या नर्सेसच्या साप्ताहिकात त्यांनी सहा लेखांची मालिका लिहिली. वेदना कशी आटोक्यात ठेवायची, पेशंटला खरं सांगायचं का, मानसिक त्रास कसा ओळखायचा, असे रोज वॉर्डात पडणारे प्रश्न त्यात होते. पुढे १९६३ मध्ये कॅन्सरमधल्या हट्टी वेदनेवरच्या उपचारांबद्दलचा त्यांचा निबंध लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनच्या नियतकालिकात छापून आला.

मॉर्फिनची भीती नेमकी कशाची?

सिसिली यांच्या कामाचं महत्त्व कळायचं, तर मॉर्फिन कसं चालतं हे थोडक्यात समजून घ्यावं लागतं.

मॉर्फिन अफूपासून तयार होतं. मेंदू आणि मज्जारज्जूमध्ये वेदनेचा निरोप जिथून पुढे जातो, तिथे ते काम करतं. तोंडानं घेतलेल्या साध्या मॉर्फिनचा असर साधारण चार तास टिकतो. म्हणून ते दर चार तासांनी द्यावं लागतं. डोस चुकला की वेदना परत उसळते आणि मग ती दाबायला जास्त औषध लागतं. म्हणजे 'कमी औषध लागावं म्हणून थांबा' या जुन्या नियमानं उलट जास्तच औषध लागत होतं.

याबद्दलचे तीन गैरसमज आजही घरोघरी सापडतात.

पहिला, पेशंटला व्यसन लागेल. शरीराला औषधाची सवय होणं आणि व्यसन लागणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवय होऊ शकते, म्हणूनच मॉर्फिन एकदम बंद न करता हळूहळू कमी करतात. पण डॉक्टरांच्या देखरेखीखाली वेदनेसाठी औषध घेणाऱ्या कॅन्सर पेशंटमध्ये व्यसनाचा धोका कमी असतो.

दुसरा, मॉर्फिन सुरू केलं म्हणजे माणूस आता जाणार. मॉर्फिन किती दिवस उरलेत हे पाहून देत नाहीत, वेदना किती आहे हे पाहून देतात. कित्येक पेशंट ते महिनोन् महिने घेतात.

तिसरा, आत्ताच दिलं तर पुढे उपयोग होणार नाही. मॉर्फिनचा डोस गरजेप्रमाणे टप्प्याटप्प्यानं वाढवता येतो, त्यामुळे ते 'राखून' ठेवण्याची गरज नसते.

याचा अर्थ मॉर्फिनला दुष्परिणाम नाहीत असा नाही. बद्धकोष्ठता जवळपास प्रत्येकाला होते, म्हणून सोबत पोट साफ होण्याचं औषध द्यावं लागतं. सुरुवातीचे काही दिवस मळमळ आणि झोप येऊ शकते. पण यावर उपाय आहेत आणि डोस ठरवण्याचं काम डॉक्टरांचंच आहे.

वेदना फक्त शरीरात नसते

सिसिली पेशंटला एक साधा प्रश्न विचारायच्या : तुमच्या दुखण्याबद्दल सांगा. एका बाईनं त्याचं उत्तर असं दिलं, की डॉक्टर, सुरुवात पाठीपासून झाली, पण आता माझं सगळंच बिघडलंय असं वाटतं. मग त्या बाई आपल्या गोळ्या-इंजेक्शनांबद्दल बोलल्या, नवरा आणि मुलगा किती चांगले वागले ते बोलल्या, त्यांना काम बुडवून पैशांवर पाणी सोडावं लागलं असतं याबद्दल बोलल्या, आणि आता पुन्हा सुरक्षित वाटू लागलंय असं म्हणाल्या.

यातून १९६४ च्या सुमारास सिसिली यांनी 'टोटल पेन' ही कल्पना मांडली. मराठीत तिला 'समग्र वेदना' म्हणता येईल. तिचे चार भाग : शरीराचं दुखणं, मनाचं दुखणं, घरादाराची आणि पैशाची चिंता, आणि 'हे माझ्याच वाट्याला का' हा जगण्याच्या अर्थाशी जोडलेला प्रश्न. हे चारही एकमेकांत गुंतलेले असतात. मुलीच्या लग्नाच्या चिंतेनं रात्रभर जागा असलेल्या माणसाची पाठ जास्त दुखते. आणि पाठ दुखत असेल तर त्याला त्या चिंतेवर बोलताही येत नाही.

म्हणून एकटा डॉक्टर पुरत नाही. सोबत नर्स लागते, समाजसेवक लागतो, समुपदेशक लागतो, पेशंटला हवं असेल तर त्याच्या धर्माचा जाणकार लागतो. आज पॅलिएटिव्ह केअरची टीम अशीच बनलेली असते.

सेंट ख्रिस्तोफर : घर, शाळा आणि प्रयोगशाळा

१९६७ साली आग्नेय लंडनमधल्या सिडनहॅम भागात सेंट ख्रिस्तोफर हॉस्पिस सुरू झालं. ५४ खाटांची ही इमारत उभी करायला अनेक वर्षं देणग्या गोळा कराव्या लागल्या. ख्रिश्चन परंपरेत संत ख्रिस्तोफर हे प्रवाशांचे रक्षक मानले जातात, त्यावरून हे नाव. तास्मा यांची आठवण म्हणून इमारतीत दर्शनी भागात एक साधी काचेची खिडकी ठेवली गेली. सिसिली स्वतः श्रद्धाळू ख्रिश्चन होत्या, पण इथे कुठल्याही धर्माच्या आणि धर्म न मानणाऱ्या पेशंटलाही जागा होती.

मरणासन्न पेशंटसाठीच्या संस्था आधीही होत्या. सेंट ख्रिस्तोफरला 'पहिलं आधुनिक हॉस्पिस' म्हणतात ते वेगळ्या कारणासाठी. इथे सेवा, प्रशिक्षण आणि संशोधन एकाच छताखाली आणलं गेलं. इथे शिकलेल्या नर्सेस आणि डॉक्टर परत जाऊन आपापल्या गावी, आपापल्या देशात तेच काम सुरू करत.

१९६९ मध्ये सेंट ख्रिस्तोफरची टीम पेशंटच्या घरी जाऊ लागली. या घरपोच सेवेची मुख्य जबाबदारी नर्सेसवर होती. बहुतेक माणसांना शेवटचे दिवस आपल्या घरात, आपल्या माणसांत काढायचे असतात. त्यासाठी हॉस्पिसच्या खाटा वाढवण्यापेक्षा हॉस्पिसचं ज्ञान घरापर्यंत नेणं जास्त उपयोगाचं होतं.

हेरॉइन की मॉर्फिन? एका प्रयोगाचं उत्तर

त्या काळी इंग्लंडमध्ये शेवटच्या टप्प्यातल्या पेशंटला 'ब्रॉम्प्टन कॉकटेल' नावाचं मिश्रण द्यायची पद्धत होती. लंडनच्या ब्रॉम्प्टन हॉस्पिटलवरून त्याला हे नाव पडलं. त्यात मॉर्फिन किंवा डायामॉर्फिन, कोकेन, दारू आणि सरबत असायचं. डायामॉर्फिन म्हणजेच हेरॉइन. ब्रिटनमध्ये ते औषध म्हणून कायदेशीर होतं आणि ते मॉर्फिनपेक्षा सरस आहे, असं अनेकांचं ठाम मत होतं. सिसिली यांनाही ते पसंत होतं.

१९७१ मध्ये रॉबर्ट ट्वायक्रॉस हे तरुण डॉक्टर सेंट ख्रिस्तोफरमध्ये संशोधनासाठी आले. त्यांनी दोन्ही औषधांची रीतसर तुलना केली. तोंडानं आणि वेळेवर दिलं, तर दोन्हींत म्हणण्यासारखा फरक नाही, असं त्यातून दिसलं. कोकेन घालून विशेष काही साधत नाही, हेही पुढे आलं. सिसिली यांच्या स्वतःच्या आवडीविरुद्ध जाणारं हे उत्तर होतं. तरीही सेंट ख्रिस्तोफरमध्ये तोंडानं द्यायचं औषध म्हणून साधं मॉर्फिन आलं.

ही गोष्ट बारीकशी वाटते, पण तिचा परिणाम जगावर झाला. हेरॉइनवर बहुतेक देशांत बंदी आहे. चांगलं वेदनाशमन फक्त हेरॉइननंच होतं असं ठरलं असतं, तर ही पद्धत ब्रिटनबाहेर गेलीच नसती. साधं, स्वस्त मॉर्फिन पुरतं हे सिद्ध झालं म्हणून ती गरीब देशांतही नेता आली.

१९८६ साली जागतिक आरोग्य संघटनेनं कॅन्सरच्या वेदनेवर मार्गदर्शक पुस्तिका काढली. त्यात वेदनेच्या तीव्रतेप्रमाणे औषध वाढवत नेणारी तीन पायऱ्यांची शिडी होती. तिचे मुख्य नियम होते : औषध शक्यतो तोंडानं द्या, घड्याळाप्रमाणे द्या, शिडीप्रमाणे द्या. तोंडानं आणि घड्याळाप्रमाणे, हीच सेंट ल्यूक्समधल्या नर्सेसची रीत होती. ती आता जगाच्या पुस्तकात आली.

लंडनबाहेर पसरलेलं काम

१९६३ मध्ये सिसिली अमेरिकेला गेल्या आणि येल विद्यापीठात त्यांनी व्याख्यान दिलं. ते ऐकणाऱ्यांत तिथल्या नर्सिंग स्कूलच्या प्रमुख फ्लॉरेन्स वॉल्ड होत्या. त्या इतक्या भारावल्या, की पुढे त्यांनी ते पद सोडलं, सेंट ख्रिस्तोफरमध्ये जाऊन काम पाहिलं आणि १९७४ साली कनेटिकटमध्ये अमेरिकेतलं पहिलं हॉस्पिस उभं करण्यात पुढाकार घेतला.

कॅनडाचे सर्जन बॅल्फर माउंटही सेंट ख्रिस्तोफरला येऊन गेले. त्यांनी मॉन्ट्रियलमध्ये मोठ्या हॉस्पिटलच्या आतच असा विभाग सुरू केला. पण फ्रेंच भाषेत 'हॉस्पिस' म्हटलं की अनाथ-गरिबांचं आश्रयस्थान डोळ्यासमोर यायचं. म्हणून त्यांनी 'पॅलिएटिव्ह केअर' हा शब्द रूढ केला. लॅटिनमध्ये 'पॅलियम' म्हणजे अंगावर घ्यायचं वस्त्र. आजार बरा होत नसेल, तरी पेशंटला पांघरूण घालता येतं, असा त्यातला भाव. १९८७ मध्ये ब्रिटननं पॅलिएटिव्ह मेडिसिनला वैद्यकाची स्वतंत्र शाखा म्हणून मान्यता दिली.

इच्छामरणाबद्दल त्यांचं मत

ब्रिटनमध्ये इच्छामरणाची मागणी करणारी संघटना १९३५ पासूनच होती. सिसिली यांचा इच्छामरणाच्या कायद्याला शेवटपर्यंत विरोध राहिला. त्यांचं म्हणणं असं, की 'मला मारून टाका' म्हणणारा पेशंट बहुतेक वेळा 'माझी वेदना थांबवा' आणि 'मला एकटं सोडू नका' असं सांगत असतो. ती वेदना थांबवली, तर मागणीही बदलते.

हे सगळ्यांना पटलं असं नाही. उत्तम सेवा मिळूनही काही जणांचा त्रास पूर्ण थांबत नाही आणि आपल्या शेवटाचा निर्णय आपल्याच हाती असावा, असं मानणारेही अनेक आहेत. हा वाद आजही चालू आहे. पण वेदनेवर उपाय उपलब्ध असायला हवा, याबद्दल दोन्ही बाजूंचं एकमत आहे.

आपल्याकडे काय झालं?

भारतातलं पहिलं हॉस्पिस मुंबईत निघालं. टाटा मेमोरियल हॉस्पिटलमधले कॅन्सर सर्जन डॉ. लुईस जोझे डिसोझा यांनी १९८६ साली वांद्र्याला 'शांती अवेदना' ही संस्था सुरू केली. पुढे गोव्यात आणि दिल्लीतही तिच्या शाखा निघाल्या. पुण्यात वारज्याला १९९७ पासून सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर सेंटर चालतं, जिथे कॅन्सर पेशंटकडून पैसे घेतले जात नाहीत. केरळमध्ये १९९३ साली कोळिकोड मेडिकल कॉलेजमध्ये डॉ. एम. आर. राजगोपाल आणि डॉ. सुरेश कुमार यांनी वेदनाशमनाचं क्लिनिक सुरू केलं. त्यातून गावोगावच्या स्वयंसेवकांचं जाळं उभं राहिलं आणि २००८ मध्ये केरळ सरकारनं पॅलिएटिव्ह केअरचं धोरणच जाहीर केलं.

पण मॉर्फिनची गोष्ट आपल्याकडे वेगळीच झाली. मध्य प्रदेश, राजस्थान आणि उत्तर प्रदेशात सरकारी परवान्यानं अफूची शेती होते. नीमच आणि गाझीपूरला सरकारी अफू कारखाने आहेत. जगाला अफू पुरवणाऱ्या या देशात कॅन्सर पेशंटला मात्र मॉर्फिन मिळत नव्हतं. कारण १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा. त्यातल्या नियमांमुळे हॉस्पिटलला मॉर्फिन ठेवायचं तर अनेक खात्यांचे वेगवेगळे परवाने लागायचे, आणि एकाची मुदत संपेपर्यंत दुसरा हातात पडायचा नाही. कागदपत्रांत चूक झाली तर कडक शिक्षेची भीती. मग दुकानदारांनी आणि हॉस्पिटलांनी मॉर्फिन ठेवणंच बंद केलं. पुढच्या बारा वर्षांत देशातला मॉर्फिनचा वैद्यकीय वापर ९० टक्क्यांहून जास्त घसरला.

२०१४ साली संसदेनं या कायद्यात दुरुस्ती केली. मान्यताप्राप्त वैद्यकीय संस्थांना राज्याच्या औषध नियंत्रकाकडून एकाच ठिकाणी परवानगी मिळण्याची सोय झाली. तरीही एक अडचण उरतेच. मधल्या तीस वर्षांत शिकलेल्या कित्येक डॉक्टरांनी मॉर्फिन कधी लिहूनच दिलेलं नव्हतं.

जगाचं चित्रही फार वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार ज्यांना पॅलिएटिव्ह केअरची गरज आहे, त्यांपैकी जेमतेम १४ टक्के लोकांना ती मिळते.

शेवटपर्यंत सेंट ख्रिस्तोफर

सिसिली १९८५ पर्यंत सेंट ख्रिस्तोफरच्या वैद्यकीय संचालक होत्या आणि नंतरही त्या संस्थेत काम करत राहिल्या. त्यांना 'डेम' हा किताब मिळाला, १९८१ मध्ये टेम्पलटन पुरस्कार आणि १९८९ मध्ये 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा ब्रिटनमधला अतिशय मोजक्या लोकांना मिळणारा सन्मान. वयाची साठी ओलांडल्यावर, १९८० साली त्यांनी मारियान बोहुश-शिश्को या पोलिश चित्रकाराशी लग्न केलं.

पुढे त्यांना स्वतःलाच स्तनाचा कॅन्सर झाला. १४ जुलै २००५ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, सेंट ख्रिस्तोफरमध्येच त्यांचं निधन झालं. लंडनच्या किंग्ज कॉलेजमध्ये २०१० साली सुरू झालेली संशोधन संस्था त्यांच्या नावानं आहे.

घरात पेशंट असेल तर

पॅलिएटिव्ह केअर फक्त शेवटच्या दिवसांसाठी असते, हा समज आता मागे पडला आहे. कॅन्सरचं निदान झाल्यापासून, केमो किंवा रेडिएशन चालू असतानाही ती सोबत घेता येते. टाटा मेमोरियलसारख्या मोठ्या कॅन्सर हॉस्पिटलांत तिचा स्वतंत्र विभाग असतो. २०१२ पासून केंद्र सरकारचा यासाठी राष्ट्रीय कार्यक्रमही आहे.

त्यामुळे डॉक्टरांनी 'घरी घेऊन जा' सांगितलं, तर निघण्याआधी तीन प्रश्न विचारता येतात. वेदनेसाठी औषध कोणतं आणि ते किती वाजता द्यायचं? दोन डोसांच्या मध्येच कळ आली तर काय करायचं? आणि इथे किंवा जवळपास पॅलिएटिव्ह केअरची टीम कुठे आहे? 'दुखलं तर द्या' एवढंच उत्तर मिळालं आणि दुखणं दिवसभर असेल, तर ठरलेल्या वेळांचं वेळापत्रक लिहून मागण्याचा पेशंटला पूर्ण हक्क आहे.